निखाडेबाईंचा कोरा रकाना

आमच्या कँटीनच्या भिंतीवर यंदा एक मोठी पाटी लागली आहे. 'आम्ही खरं लिहितो. आम्ही खरं वागतो.' खाली हेल्मेट घातलेली, हातात फाइल घेतलेली एक हसरी बाई. ही बाई आमच्या कारखान्यातली नाही, फोटो विकतचा आहे. आमच्याकडे खरं लिहिणारी एक बाई होती. तिला कंपनीनं काढून टाकलं, आणि पत्रात कारण लिहिलं, 'नोंदी ठेवण्यात कसूर'. रोज दुपारी डबा उघडला की ती पाटी समोर येते आणि माझं डोकं फिरतं. बायको म्हणते, तिकडं पाठ करून बसत जा. मी बसत नाही.

त्या बाईचं नाव पुष्पा निखाडे. आमचा कारखाना नागपूरजवळच्या बुटीबोरीचा, कापड रंगवण्याचा. निखाडेबाई सुरक्षा विभागात होत्या आणि परमिट देणं हे त्यांचं काम. परमिट म्हणजे काय ते आधी सांगतो. कुणाला उंचावर चढायचं असेल, वेल्डिंग करायचं असेल, बंद टाकीत उतरायचं असेल, तर आधी एका अधिकाऱ्यानं जागेवर जाऊन पाहायचं, हवा तपासायची, रजिस्टरात नोंद करायची आणि मग परवानगीच्या कागदावर सही करायची. तो कागद हातात आल्याशिवाय कुणी कामाला हात लावायचा नाही. हा नियम सगळ्या कारखान्यांत आहे. पाळला किती जातो ते विचारू नका.

मी स्टोअर सांभाळतो. मास्क, दोर, पट्टे, बूट, सगळं माझ्याकडून जातं. बाईंचं टेबल माझ्या खिडकीच्या बरोबर समोर, त्यामुळे त्यांचा आवाज मी रोज ऐकला. ठेंगणी बाई, चष्मा कायम कपाळावर, पायात पुरुषी मापाचे सेफ्टी बूट. बायकांच्या मापाचे बूट कंपनी मागवत नव्हती. मी मागणी लिहून पाठवायचो, वरून उत्तर यायचं की एकाच बाईसाठी कशाला. मग बाई बुटात कापडाचा बोळा कोंबायच्या आणि तशाच अख्ख्या आवारात ठकठक फिरायच्या.

मूळ गाव भिवापूर, मिरचीसाठी नावाजलेलं. रसायनशास्त्रात एम. एस्सी. केलेली, नागपुरात मानेवाड्याला आईबरोबर राहणारी. घर त्यांच्याच पगारावर चालायचं. भिवापूरची आहे म्हणून तिखट, हा विनोद आमच्या कारखान्यात प्रत्येकानं केला, आणि प्रत्येकाला तो स्वतःला सुचल्यासारखा वाटायचा. मला त्या विनोदाचा मनस्वी संताप येतो. पुरुष अधिकारी नियमावर बोट ठेवतो तेव्हा तो कडक असतो, बाईनं ठेवलं की तिच्या गावची मिरची निघते.

त्या आल्या त्या आठवड्यातली गोष्ट. आमचा सुपरवायझर वैरागडे परमिटांचं अख्खं पुस्तक घेऊन त्यांच्या टेबलाशी गेला. आधीचे अधिकारी दर सोमवारी गेटबाहेरच्या पोह्याच्या ठेल्यावर उभ्याउभ्या सगळ्या पानांवर सह्या करून टाकायचे. तर्रीचे, म्हणजे पोह्यावरच्या तिखट रश्श्याचे, डाग पडलेली परमिटं मी स्वतः पाहिली आहेत.

"मॅडम, ह्याच्यावर सह्या मारून द्या," वैरागडे म्हणाला. "हप्ताभराचं काम होऊन जाते."

"कोणतं काम?"

"जे निघन थे."

"कुठं निघन?"

"आता थे कसं सांगू? निघालं का आम्ही भरून घेतो."

"म्हणजे तुम्ही गुरुवारी टाकीत उतरणार, अन् तिथली हवा मी आज इथं बसून सुंगून ठेवू?"

वैरागडे हसला. त्याला वाटलं बाई गंमत करून राहिल्या. बाईंनी ओढणी डोक्याला गुंडाळली, गॅस मोजायचं मीटर उचललं आणि म्हणाल्या, "चला. दाखवा कोणती टाकी." बाहेर मे महिन्याचं ऊन होतं. वैरागडे नाइलाजानं मागे निघाला. त्या दिवसापासून परमिट हवं असेल तर बाईंना उन्हातून जागेवर घेऊन जावं लागे, आणि त्या पाहत, हुंगत, वाकून डोकावत, प्रश्न विचारत, आणि मगच लिहीत. "मी पाह्यलं काय? नाही. मंग मी कशी लिहू?" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की झोपेतही म्हणू शकेन.

जे पाहिलं नाही त्याचा रकाना त्या कोरा सोडायच्या. बाजूला कारण लिहायच्या: 'मीटर दुरुस्तीला. हवा तपासली नाही. काम बंद ठेवलं.' स्वतःलाही सोडायच्या नाहीत. एकदा मी वाचलं, 'आज मी चष्मा घरी विसरली. आकडे नीट दिसले नाहीत. कामं उशिरा सुरू झाली. चूक माझी.' मी म्हटलं, बाई, हे कशाला लिहिता, कोण विचारणार आहे? तर माझ्यावरच उखडल्या. "कोणी इचारन म्हणून लिहते काय मी? झालं म्हणून लिहते." कंपनीच्या बसमध्ये मात्र ही बाई बसल्याबरोबर तोंड उघडं टाकून झोपायची, आणि मानेवाडा आला की कुणी तरी हलवून उठवावं लागे. कामावरची पोरं त्याची नक्कल करायची.

आता ऑडिटचं सांगतो. परदेशातली गिऱ्हाइकं माल घेण्याआधी माणसं पाठवतात. ती येऊन रजिस्टरं तपासतात. त्याच्या आधीच्या शनिवारी आमच्याकडे लिहिणावळ बसायची. हा शब्द आमचाच. कँटीनमध्ये टेबलं जोडायची, वर्षभर न भरलेली सगळ्या खात्यांची रजिस्टरं मांडायची, वेगवेगळ्या शाईचे पेन वाटायचे, तर्रीपोहा मागवायचा आणि लिहीत सुटायचं. लग्नघरात पापड लाटावे तसा उत्साह. कोऱ्या पानांना हाताची धूळ चोळायची म्हणजे ती वापरलेली दिसतात. एक जण तर पानावर मुद्दाम चहाचा कप टेकवायचा, आणि बाकीचे त्याला शाबासकी द्यायचे.

त्या शनिवारी रंगाच्या गोदामाचं तापमान भरणं चाललं होतं. एकानं आकडा सांगितला, दुसऱ्यानं खाली उतरवत नेला. रोज पंचवीस अंश. एप्रिल पंचवीस, मे पंचवीस. पत्र्याचं गोदाम, नागपूरचा मे महिना, जिथं बाहेर कुत्रं सावली सोडत नाही, आणि आत पंचवीस अंश! लिहिणारे सगळे इथलेच, जन्म इथल्या उन्हात काढलेले. एकाचाही हात थांबला नाही.

ऑडिटवाला आला. रुमालानं मान पुसत पुसत त्यानं ते पंचवीस अंशांचं रजिस्टर पाहिलं आणि हिरवी खूण केली. मग निखाडेबाईंचं रजिस्टर उघडलं. त्यात कोरे रकाने होते. त्यानं तांबडी खूण केली. शेरा लिहिला, 'नोंदी अपूर्ण'. जी रजिस्टरं एका दुपारी पोहे खात भरली ती सगळी पास झाली, आणि जे रोज उन्हात फिरून भरलं होतं ते नापास. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे, आणि आजही सांगताना माझी कानशिलं तापतात.

दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये आमचे प्लांट हेड मोहरीलसाहेब बाईंवर तुटून पडले. एका बाईच्या हट्टापायी कंपनीची इज्जत गेली, रकाना भरायला काय पैसे पडतात काय, वगैरे. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "साहेब, गोदामात मे महिन्यात पंचवीस अंश राहते तं माझी खुर्ची तिकडंच लावून द्या." सगळ्यांनी माना खाली घातल्या, हसू दाबायला. साहेबांनी ते वाक्य विसरायचं नाही असं त्याच दिवशी ठरवलं असावं.

त्या ऑडिटनंतर कंपनीला नीतिमत्तेची उबळ आली. प्रत्येक कर्मचाऱ्यानं कॉम्प्युटरवर एक प्रशिक्षण घ्यायचं: नोंदी कशा ठेवाव्यात, कामाच्या जागी कसं वागावं. शेवटी प्रश्न, आणि पास झाल्यावर प्रमाणपत्र. कारखान्याचं काम थांबू नये म्हणून एचआरच्या एका हुशार माणसानं सगळ्यांचे कोड नंबर घेतले आणि सगळ्यांचं प्रशिक्षण एकट्यानं उरकून टाकलं. समोसे वाटून प्रमाणपत्रांचं वाटप झालं. बाईंच्या हातातही एक आलं.

"हे मी कधी केलं जी?" त्यांनी विचारलं.

"तुमचंही करून टाकलं मॅडम. पैकीच्या पैकी मार्क आहेत तुम्हाले."

"कशात?"

"नैतिक आचरणात."

बाई हसायला लागल्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मग ते प्रमाणपत्र त्यांनी परत दिलं आणि दुपारी कॉम्प्युटरवर बसून ते सगळं स्वतः केलं. त्यात एक प्रश्न होता: खोटी नोंद झालेली दिसली तर काय कराल? अपेक्षित उत्तर होतं, वरिष्ठांना कळवीन. बाईंनी 'यांपैकी नाही' निवडलं. मला म्हणाल्या, "वरिष्ठानंच करायले सांगतली असन तं? त्याचा पर्यायच नाही ठेवला ह्यांनी." कॉम्प्युटरनं उत्तर चूक धरलं. आमच्या सबंध कारखान्यात नैतिक आचरणात सगळ्यात कमी मार्क निखाडेबाईंना मिळाले.

इथपर्यंत हसता येतं. पुढचं हसण्यासारखं नाही.

गिऱ्हाइकाची माणसं पुन्हा यायची होती. सकाळच्या मीटिंगमध्ये मोहरीलसाहेब वैरागडेला म्हणाले, "सांडपाण्याचा हौद संध्याकाळपर्यंत साफ पाहिजे." बाई तिथंच होत्या. त्या म्हणाल्या, "परमिट घेतल्याशिवाय हौदात कोणी उतरणार नाही." साहेब म्हणाले, "हो हो." बाई टेबलाशी येऊन बसल्या. वैरागडे परमिट मागायला येईल म्हणून मीटर चार्ज करून समोर ठेवलं. वैरागडे आला नाही. माझ्याकडेही मास्क मागायला कुणी आलं नाही, दोर मागायला कुणी आलं नाही.

जेवणाच्या सुट्टीच्या सुमारास धोक्याचा भोंगा वाजला. ठेकेदाराकडचा दिलीप नावाचा मजूर हौदात उतरला होता, मध्य प्रदेशातल्या सौसरकडचा, तरुण माणूस. आतल्या वायूनं तो जागच्या जागी कोसळला. बाहेर काढला तेव्हा संपला होता. बाई धावत गेल्या. हौदाच्या तोंडाशी त्यांनी मीटर धरलं आणि ते किंचाळायला लागलं. तो आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला. बाईंनी ते बंद केलं नाही, तसंच धरून उभ्या राहिल्या, कुणी तरी हात धरून मागे ओढेपर्यंत.

संध्याकाळी साहेब आणि वैरागडे परमिटाचा कागद घेऊन आले. सकाळची वेळ टाका, मास्क लावायला सांगितलं होतं असं लिहा, सही करा.

"सकाळी मी तिथं होती काय?" बाईंनी विचारलं.

"मॅडम, सगळ्यांची नोकरी जाईल. तुमचीही."

"सकाळी मी तिथं होती काय?"

ते कागद घेऊन परत गेले. आणि दुसऱ्या दिवशी गोष्टच बदलली. आता काय, तर त्या दिवशी हौदाचं काम मुळी नव्हतंच. दिलीपचा मोबाइल हौदात पडला, तो काढायला तो आपल्या मनानं उतरला आणि मेला. कामावर मेलाच नाही, म्हणजे त्याच्या बायकोला काही द्यायचा प्रश्नच नाही. आणि पुरावा कोणता? निखाडेबाईंचं रजिस्टर! साहेब सगळ्यांना सांगत फिरायला लागले, निखाडे मॅडम किती काटेकोर आहेत तुम्हाला माहीतच आहे, काम असतं तर त्यांच्याकडे नोंद असती, बघा, रकाना कोरा आहे. ज्या कोऱ्या रकान्यासाठी त्या बाईला भर मीटिंगमध्ये झोडपलं, तोच रकाना आता यांनी डोक्यावर घेतला. मला राग येतो म्हणजे काय येतो, हात शिवशिवतात.

साहेबांनी बाईंना बोलावून गोडीत सांगितलं, "तुम्हाला खोटं काहीच बोलायचं नाही. प्रकरण कोर्टात गेलं तर फक्त रजिस्टर दाखवा. कोरं आहे ना? मग कोरंच दाखवा." बाई तिथून उठल्या आणि माझ्या स्टोअरमध्ये येऊन हातमोज्यांच्या खोक्यावर बसल्या. मग म्हणाल्या, "लांजेवार, खरा कागद हाती घेऊन खोटं बोलून राहिले जी हे लोक."

बाईंनी कारखाना निरीक्षकाला लिहून दिलं की काम होतं, हुकूम त्यांच्यासमोर दिला गेला होता, परमिट कुणी मागितलं नाही. झालं. कंपनीनं त्यांच्यावरच चौकशी लावली. काम होतं हे तुम्हाला माहीत होतं, तर नोंद का नाही? नोंदी ठेवण्यात कसूर. घरी बसवलं. वैरागडे आज मोठ्या हुद्द्यावर आहे, कँटीनमध्ये माझ्या शेजारच्या टेबलावर जेवतो. बाईंना निरोप द्यायला गेटपर्यंत मी आणि कँटीनमधल्या भांडी घासणाऱ्या बाया एवढेच होतो.

बाईंनी नोकरीसाठी दावा केला. दिलीपच्या बायकोनं, संगीतानं, भरपाईचा दावा केला. संगीताच्या दाव्यात बाई साक्षीला उभ्या राहिल्या. बाईंच्या स्वतःच्या वकिलानं त्यांना बजावलं होतं: मी मीटिंगमध्ये इशारा दिला होता एवढंच बोला, स्वतःची चूक कबूल करू नका, नाहीतर तुमची नोकरी कायमची गेली.

कंपनीचा वकील रजिस्टर हातात घेऊन उभा राहिला.

"हे तुमचंच?"

"हो."

"त्या दिवशीचा रकाना कोरा आहे?"

"हो."

"म्हणजे त्या दिवशी काम नव्हतं."

"नाही. म्हणजे त्या दिवशी मी पाह्यलं नव्हतं. काम होतं. साहेबांनी माझ्यासमोर वैरागडेले सांगतलं."

वकिलाला वाटलं, आता सापडली. "काम आहे हे तुम्हाला सकाळपासून माहीत होतं, तर मग तुम्ही जाऊन थांबवलं का नाही?"

बाईंनी मागे वळून पाहिलं. त्यांचा स्वतःचा वकील मागच्या बाकावरून 'नाही' म्हणून मान हलवत होता. बाई म्हणाल्या, "चुकलं माझं. ऐकल्याबरोबर उठून हौदावर जायले पाहिजे होतं. परमिट मांगाले येतील म्हणून मी टेबलाशी वाट पाहत बसली." आणि मग लिहून घेणाऱ्या कारकुनाकडे वळून म्हणाल्या, "हेही लिहून घ्या."

त्या एका वाक्यानं बाईंचा दावा बुडाला. त्याच साक्षीवर संगीताच्या दाव्याचा निकाल तिच्या बाजूनं लागला. कागदोपत्री आता दिलीप कामावर मेला, मोबाइलच्या मागे लागून नाही. बाई आईला घेऊन भिवापूरला गेल्या, तिथं शिकवण्या घेतात असं ऐकतो. पण हे सगळं नंतरचं. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते साक्षीच्या त्या दिवशी, कोर्टाच्या व्हरांड्यात.

माझीही साक्ष होती, स्टोअरमधून काही गेलं नाही एवढीच. ती देऊन मी बाहेर आलो तर बाई कठड्याला टेकून उभ्या होत्या. समोरून संगीता आली, बरोबर तिचा भाऊ. मला वाटलं आता ती हात जोडणार. या बाईनं तिच्यासाठी स्वतःच्या नोकरीवर पाणी सोडलं होतं, निदान एवढं तरी व्हावं असं मला फार वाटत होतं.

संगीतानं हात जोडले नाहीत. ती बाईंच्या अगदी जवळ येऊन उभी राहिली.

"तुमाले मालूम होतं?" तिनं विचारलं.

"हो."

"सकायपासून मालूम होतं?"

"हो."

"मंग तुमी काहून नाही आल्या वं बाई?"

ज्या बाईंनी साहेबांना, वैरागडेला, वकिलाला, सगळ्या जगाला सडेतोड उत्तरं दिली, त्यांनी कपाळावरचा चष्मा काढून हातात घेतला. मग त्या म्हणाल्या, "यायले पाहिजे होतं." आवाज इतका लहान की मला तो त्यांचा वाटलाच नाही. संगीतानं त्यांच्याकडे पाहिलं आणि ती भावाबरोबर जिना उतरायला लागली.

मला राहवलं नाही. "तिला काय माहीत, बाई," मी म्हणालो, "तुम्ही तिच्यासाठी काय केलं ते. साहेब सोडून, वैरागडे सोडून, तुम्हालाच विचारते..."

"गप बसा, लांजेवार," बाई माझ्यावर ओरडल्या. व्हरांड्यातली माणसं वळून पाहायला लागली. "तिले बरोबर माहीत आहे."

संगीता फाटकाबाहेर पडेपर्यंत बाई जिन्याच्या वरच उभ्या राहिल्या. मग पर्स उचलून त्या मागच्या फाटकाकडे चालायला लागल्या. त्यांचा रस्ता पुढच्या फाटकाचा होता, बसही तिथूनच मिळायची. पण संगीता तिथं ऑटोची वाट पाहत उभी होती.